फुग्यानं पळवलेले दोन ग्रॅम

गेल्या अंकात मी मेणबत्तीवर लिहिलं होतं. जळलेलं मेण नाहीसं होत नाही. हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन खोलीत पसरतं, आणि हे सगळं पकडून तोललं तर मेणाहून जडच भरेल, एवढाच मुद्दा होता. त्यावर एवढी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देऊन टाकला. बहुतेकांचा सूर एकच : तुमचा द्रव्य अक्षय्यतेचा नियम (रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान घटतही नाही, वाढतही नाही) पुस्तकात ठीक आहे हो, पण आमच्या घरी तो चालत नाही!

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात गेली. तिथं प्रत्येक बॅचचा मटेरियल बॅलन्स काढायचा असे. रिअ‍ॅक्टरमध्ये किती किलो माल गेला, बाहेर किती आला, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत की आमचे देवगडकडचे एक ऑपरेटर माझ्या कागदाकडे ढुंकूनही न बघता छपरातून बाहेर गेलेल्या व्हेंटच्या, म्हणजे वाफ-वायू बाहेर सोडायच्या, पाइपकडे बोट दाखवायचे. "मॅडम, ता थंयसून गेला." बहुतेक वेळा बरोबर असायचं त्यांचं. तेव्हा आजच्या प्रत्येक पत्राला मी आधी तोच प्रश्न विचारणार आहे : तुमचा व्हेंट कुठे आहे?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. प्लास्टिकच्या बाटलीत व्हिनेगर घेतलं, फुग्यात एक चमचा खायचा सोडा भरला, फुगा बाटलीच्या तोंडाला घट्ट बसवला आणि सगळं किचनच्या वजनकाट्यावर ठेवलं. मग सोडा बाटलीत ओतला. फुगा टम्म फुगला. साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठेही गळती नाही. तरी काटा दोन ग्रॅम कमी दाखवतो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शाळेत सांगितलं तर म्हणाले, काहीतरी चुकलं असेल, वहीत 'वजन सारखेच' असं लिही. काय लिहू दे त्याला?
— एक बाबा, चेंबूर

उत्तर : 'दोन ग्रॅम कमी' असंच लिहू दे. मुलानं काटा नीट वाचलाय आणि गळतीही तपासली आहे. इतकी काळजी घेऊन मिळालेला आकडा खोडायला लावणं मला तरी पटत नाही. आता ते दोन ग्रॅम शोधू या.

चहाचा सपाट चमचाभर सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. व्हिनेगर पुरेसं असेल, १०० मिलिलिटरच्या आसपास, तर त्यातून २.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. मुंबईच्या उकाड्यात तेवढा वायू जवळजवळ दीड लिटर जागा घेतो. फुगा तेवढा फुगला, म्हणजे त्यानं बाहेरची दीड लिटर हवा बाजूला सारली. हवेलाही वजन असतं, आपल्याकडच्या तापमानाला लिटरमागे १.१७ ग्रॅमच्या आसपास. पाण्यात बुडवलेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं तसंच हवाही ढकलते. आर्किमिडीजचा नियम हवेला लागू नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. दीड लिटरला १.७ ग्रॅम. तुमचा काटा पूर्ण ग्रॅममध्ये दाखवतो, म्हणून दोन. बाटली आणि फुगा मिळून आतला ऐवज कणभरही कमी झालेला नाही. फक्त त्याचा आकार वाढला, हवेचा आधार वाढला आणि काट्यावरचा भार घटला.

काही जणांना इथे शंका येईल की कार्बन डायऑक्साइड तर हवेपेक्षा जड, मग काटा कमी का दाखवावा? अहो, तो वायू सोडा आणि व्हिनेगरमधूनच आलाय. त्याचं वस्तुमान तुम्ही फुगा फुगायच्या आधीच तोलून ठेवलं होतं. नवीन आला तो फक्त फुगवटा.

आता याची खात्री करायची असेल तर प्रयोग असा करा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. (काचेची अजिबात नको, आणि पाण्याची पातळ बाटलीही नको. कोल्ड्रिंकची बाटली मुळातच दाब सोसायला केलेली असते.) त्यात १०० मिलिलिटर व्हिनेगर, आणि तोच सपाट चमचा सोडा टिश्यूपेपरच्या पुडीत बांधून. पुडी आत टाकली की लगेच झाकण घट्ट लावायचं. आधी सगळं सामान, झाकण आणि पुडीसकट, काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. फसफस थांबली की पुन्हा ठेवा. बाटली दाबून बघा, दगडासारखी कडक झालेली असेल, पण आकडा तोच. कारण बाटली फुगली नाही, तिनं नवी हवा बाजूला सारली नाही. सोड्याचा चमचा मात्र वाढवू नका, आणि हे मोठ्या माणसानं समोर बसून करायचं.

आता झाकण हळूच सैल करा. फुस्स! काटा पुन्हा खाली येईल, आणि गंमत म्हणजे साधारण दोनच ग्रॅमनं. आकडा तोच, कारण मात्र वेगळं. फुग्याच्या वेळी काहीच बाहेर गेलं नव्हतं, या वेळी वायू खरोखर निघून गेला. मुलाला हे दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहायला सांगा आणि वही शाळेत पुन्हा दाखवा.

प्रश्न : आमची इमारत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीची लोखंडी ग्रिल खाऱ्या वाऱ्यानं खाऊन टाकली. सळई अंगठ्याएवढी होती, आता पेन्सिलीएवढी उरली आहे. एवढं लोखंड गेलं कुठे? 'नाहीसं होत नाही' म्हणता ना?
— एक काकू, माहीम

उत्तर : काकू, वाऱ्यानं लोखंड खाल्लं नाही, लोखंडानं वारा खाल्ला. गंजताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं आणि सोबत पाणीही. एक किलो लोखंड पूर्ण गंजलं तर कोरडा गंज १.४३ किलो भरतो. आपल्या दमट हवेतल्या गंजात पाणीही अडकलेलं असतं, त्यामुळे दीड किलोच्या वरही जातो. तुमची ग्रिल बारीक झाली कारण गंजाचे पापुद्रे सुटून खालच्या छज्जावर पडले, पावसानं धुपले आणि तुम्ही रोज झाडून टाकले. ते सगळे एका पिशवीत साठवले असते तर उरलेली सळई आणि पिशवी मिळून नव्या ग्रिलपेक्षा जड झाली असती.

मिठाचं काम इथे मध्यस्थाचं. खारट ओलावा विजेचा बारीक प्रवाह सहज वाहू देतो आणि मिठातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतो. पण तो क्लोराइड स्वतः फारसा खर्ची पडत नाही. एक ठिकाण फोडून झालं की पुन्हा मोकळा, पुढच्या कामाला तयार. म्हणून गंजावरून नुसता रंग मारला की सहा महिन्यांत आतून फोड येतात. गंज खालच्या चकचकीत लोखंडापर्यंत खरवडून, गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून मगच प्रायमर.

तुम्ही विचारलं नाहीत, पण याहून गंभीर गोष्ट तुमच्या डोक्यावर आहे. स्लॅबच्या आतल्या सळयाही अशाच गंजतात, आणि तिथे पापुद्र्यांना पडायला जागा नसते. गंज लोखंडापेक्षा कमीत कमी दुप्पट जागा मागतो, अनेकदा त्याहून बरीच जास्त. वस्तुमान वाढलेलं, आकार वाढलेला आणि चारी बाजूंनी काँक्रीट. मग काँक्रीटच फुटतं. जुन्या इमारतींत छताला सळईच्या रेषेत तडा जातो, प्लॅस्टर फुगतं आणि एक दिवस तुकडा खाली येतो, ते यामुळे. ठेकेदार वरून सिमेंट थापून गिलावा गुळगुळीत करून देतो आणि सोसायटी खूश होते. सळई उघडी करून साफ केली का, ते उभं राहून बघा. नाही केली तर पुढच्या पावसाळ्यानंतर तोच ठेकेदार पुन्हा येईल, नव्या बिलासह.

प्रश्न : आईच्या जुन्या पाटल्या मोडून नवीन केल्या. दुकानात ४० ग्रॅम तोलल्या होत्या, वितळवल्यावर साडेअडतीस भरल्या. "घट येतेच, मॅडम" म्हणाले. सोनं जळतं का? की मला फसवलं?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : सोनं जळत नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनकडे बघतसुद्धा नाही, म्हणून तर हजारो वर्षांपूर्वीचे दागिने पिवळेधमक सापडतात. पण तुमच्या पाटल्या म्हणजे नुसतं सोनं नव्हतं.

जुन्या पोकळ पाटल्या-तोड्यांत लाख भरलेली असते, ती मुशीत पडल्यावर जळून जाते. नक्षीत वर्षानुवर्षांचा मळ, साबण, हळद. मग तांबं : तापल्यावर त्याचं काळं ऑक्साइड होतं आणि सोनार जो टाकणखार (बोरॅक्स) टाकतो तो ते ओढून घेतो. उरलं झाळकाम. दागिना झाळताना सांध्यात जो मिश्रधातू वापरतात त्यात जस्त असतं, आणि ज्याला बाजारात केडीएम म्हणत त्यात कॅडमियम. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सियसला. जस्त ९०७ अंशालाच उकळतं, कॅडमियम तर ७६७ ला. म्हणजे सोनं पातळ व्हायच्या आत हे दोघे वाफ होऊन मुशीबाहेर पडलेले असतात आणि हवेत त्यांच्या ऑक्साइडचा धूर होतो. कॅडमियमचा धूर विषारी. तो कारागिराच्या फुप्फुसात जातो, आणि पेढीवर बसलेल्या कोणालाही त्याची झळ लागत नाही.

तेव्हा घट येणं खरं आहे. पण किती घट खरी, हे तपासता येतं, आणि दुकानदार हे सांगत नाहीत म्हणून मी सांगते. लाख आणि मळ सोडून नुसत्या धातूच्या वजनाला कॅरेटनं गुणा आणि २४ नं भागा. येईल ते शुद्ध सोनं, आणि ते वितळण्याआधी आणि नंतर सारखंच असलं पाहिजे. समजा, पाटल्या २१ कॅरेटच्या होत्या आणि ४० ग्रॅम सगळी धातूच होती. ४० गुणिले २१ भागिले २४, म्हणजे ३५ ग्रॅम सोनं. वितळल्यावर साडेअडतीस ग्रॅमचा गोळा झाला आणि त्यातही ३५ ग्रॅम सोनं असेल, तर तो गोळा २१.८ कॅरेटचा भरायला हवा. जस्त, तांबं निघून गेलं की उरलेला माल चोख होतो. पण लाख-मळ नसतानाही वजन कमी झालं आणि कॅरेट जिथल्या तिथे, तर सोनंच कुठेतरी राहिलं. हल्ली बऱ्याच पेढ्यांवर कॅरेट मोजायचं यंत्र असतं. वितळवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा चिठ्ठी मागा. एक काळजी मात्र घ्या : ते यंत्र पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे मुलामा असेल तर पहिला आकडा फसवा येतो.

'राहिलं' म्हणजे चोरलंच असंही नाही. मुशीला चिकटतं, टाकणखाराच्या काचेत बारीक मणी अडकतात, कानशीच्या भुकटीतून जमिनीवर जातं. झवेरी बाजारात दुकानांसमोरचा केर आणि गटारातला गाळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या पोट भरत आले आहेत. नियमावर त्यांच्याएवढी श्रद्धा माझ्या पाहण्यात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचीही नाही.

प्रश्न : असत् पासून सत् होत नाही आणि सत् चा अभाव होत नाही, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या सोळाव्या श्लोकात सांगितलं आहे. मग हा नियम फ्रान्सच्या लाव्हाझियेच्या नावावर कसा?
— एक निवृत्त वाचक, विलेपार्ले

उत्तर : काका, शून्यातून काही उपजत नाही हा विचार जुना आहे, आणि तो आपल्याकडे होता तसा ग्रीकांकडेही होता. तो श्लोक तर आत्म्याच्या संदर्भातला. त्याला ग्रॅम-किलोच्या कामाला जुंपू नये, असं मला वाटतं, त्याचा मान राखूनच. आणि लाव्हाझियेच्या आधी युरोपातही लोक हे मनातून मानत होतेच. रशियाच्या मिखाईल लोमोनोसोवनं १७४८ साली गणिती ऑयलरला लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट मांडलं होतं.

प्रश्न मानण्याचा नव्हता, तोलण्याचा होता. त्या काळी समजूत अशी की जळताना वस्तूतून 'फ्लॉजिस्टन' नावाचं काहीतरी बाहेर पडतं. लाकडाला हे ठीक बसतं, राख हलकी होते. पण कथील हवेत तापवलं तर त्याची पांढरी भुकटी मूळ कथलाहून जड भरते! काहीतरी बाहेर पडलं आणि वजन वाढलं? रॉबर्ट बॉइलनं हे काचेच्या बंद भांड्यात केलं, भांडं उघडलं, आतला माल तोलला, वजन वाढलेलं दिसलं, आणि १६७३ साली लिहून मोकळा झाला की अग्नीचे कण काचेतून आत शिरले. माणूस अतिशय हुशार, पण तोलण्याआधी भांडं उघडलं.

लाव्हाझियेनं १७७४ साली तेच केलं, फक्त क्रम बदलून. बंद भांडं तापवलं, थंड केलं आणि न उघडता तोललं. वजन होतं तेवढंच. म्हणजे अग्नी काचेतून आला नव्हता. मग उघडलं तेव्हा बाहेरची हवा सूं करून आत शिरली, आणि वजन वाढलं ते तेव्हा. कथलानं आतल्या हवेतला काही भाग स्वतःत घेतला होता, त्याची रिकामी जागा बाहेरच्या हवेनं भरली. चेंबूरच्या मुलाच्या बाटलीचाच हा प्रयोग, उलट्या दिशेनं.

हा लाव्हाझिये पोटापाण्यासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता, आणि त्याच्या रसायनशास्त्रात जमा-खर्चाची शिस्त जागोजागी दिसते. त्याच्या १७८९ च्या ग्रंथात नियमाचं प्रसिद्ध वाक्य कुठे आहे माहीत आहे? द्राक्षाच्या रसाची दारू होते त्या प्रकरणात. साखर किती घेतली, मद्यार्क किती आला, वायू किती सुटला, दोन्ही बाजू समान मांडल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, असं त्याचं म्हणणं. कर-कंपनीतली भागीदारी मात्र भोवली. क्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ ला त्याचा शिरच्छेद झाला, वयाच्या पन्नाशीत. तेव्हा काका, नियम त्याच्या नावावर आहे तो कल्पनेसाठी नाही, झाकण न उघडता तोलण्यासाठी.

प्रश्न : लाकूड-कोळशाची राख तरी उरते. गॅसचा सिलिंडर भरलेला येतो, रिकामा जातो, मागे राख नाही की काजळी नाही. १४.२ किलो गॅस खरंच हवेत विरला?
— एक गृहिणी, लालबाग

उत्तर : विरला, आणि हवेतून साडेतीन पटीहून जास्त माल घेऊन विरला. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतं. १४.२ किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो. त्यातून साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ ते २३ किलो पाणी तयार होतं. दोन्ही बाजूंना पासष्ट किलो. म्हणजे एका सिलिंडरमागे तुमच्या खोलीत एक मोठी बादली भरून वर उरेल एवढी वाफ सोडली जाते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी येते, त्याचा दोष निव्वळ पावसाला देऊ नका.

५१ किलो ऑक्सिजन म्हणजे किती, तेही बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची चाळीतली खोली घ्या. तिच्यातल्या सगळ्या हवेतला सगळा ऑक्सिजन पाच-सहा वेळा रिकामा करावा लागेल. अर्थात तुम्ही महिनाभर थोडा थोडा वापरता आणि दारं-खिडक्या उघड्या असतात, म्हणून कळत नाही. पण बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर लावून अर्धा तास आंघोळ करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तिथे हाच हिशेब मिनिटांत घडतो. ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड होतो. वास नाही, रंग नाही, आणि माणूस बाहेर येत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, आणि धूर जायला स्वतंत्र नळी.

पाइपच्या गॅसवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. तो मिथेन. किलोमागे सव्वादोन किलो पाणी, म्हणजे वाफ आणखी जास्त.

प्रश्न : 'ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर'प्रमाणे ऊर्जा बाहेर गेली की वस्तुमान घटतं. मग द्रव्य अक्षय्यतेचा नियम खोटा आहे असं का शिकवत नाहीत?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : घटतं, बरोबर आहे तुझं. किती घटतं ते काढलंस का? वरच्याच सिलिंडरचं करू. पूर्ण सिलिंडर जळून जी उष्णता निघते ती ७०० मेगाज्यूलच्या आसपास. प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं भाग. येतात ८ मायक्रोग्रॅम. पासष्ट किलोच्या व्यवहारात ग्रॅमचे आठ दशलक्षांश. जर्मनीच्या हान्स लांडोल्टनं आइनस्टाइनच्या १९०५ च्या निबंधाआधीच हा फरक शोधायला सुरुवात केली होती. बंद काचेच्या नळ्यांत रासायनिक क्रिया घडवून तो वर्षानुवर्षं तोलत बसला, आणि कोटीत एक भाग इतक्या बारकाईपर्यंत त्याला फरक सापडला नाही. सापडणारही नव्हता, आपला आकडा त्याहून शेकडो पटींनी लहान आहे.

आणि एक बारकावा. ती उष्णता डब्याबाहेर गेली तरच वस्तुमान घटतं. उष्णता आतच कोंडून ठेवणारा डबा असता तर काटा तसूभरही हलला नसता. ऊर्जा गेली, तिच्यासोबत तिचं वस्तुमान गेलं. देवगडचे ऑपरेटर इथेही बोट दाखवायचे तिथेच दाखवतील.

जिथे फरक खरंच हाताला लागतो ते ठिकाण तुझ्या कॉलेजपासून फार लांब नाही. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. युरेनियम-२३५ च्या एक किलोचं पूर्ण विखंडन झालं तर ०.९ ग्रॅमच्या आसपास वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं निघून जातं. तिथे अणूचं केंद्रक फुटतं. चुलीवर, गंजात, सोड्यात फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन जागा बदलतात. म्हणून 'खोटा' नको म्हणूस. रसायनशास्त्रात तो नियम तुझ्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात महागड्या काट्यापेक्षाही काटेकोर आहे.

प्रश्न : शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारून चार किलो उतरवले. मित्र म्हणतात चरबीची ऊर्जा झाली. पण वस्तुमान कायम राहतं तर चरबी गेली कुठे?
— एक फेरीवाले (चालण्याच्या अर्थानं), दादर

उत्तर : ऊर्जा झाली असती तर दादर उरलं नसतं. चरबी तुम्ही नाकावाटे बाहेर टाकलीत. दहा किलो चरबी शरीरात जळायला २९ किलो ऑक्सिजन लागतो आणि २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी तयार होतं. अणूंचा माग काढला तर त्या दहा किलोंपैकी ८.४ किलो श्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून जातात आणि १.६ किलो पाणी म्हणून. तुमच्या चारांपैकी, ती सगळी चरबीच होती असं धरलं तर, तीन किलोंहून जास्त पार्कावरच्या झाडांकडे गेले असतील.

पण म्हणून बाकावर बसून जोरजोरात श्वास सोडू नका, चक्कर येईल. कार्बन आधी पेशींत जळावा लागतो, श्वास तो फक्त वाहून नेतो. आणि फेऱ्या संपल्या संपल्या काटा अर्धा किलो कमी दाखवतो तो निव्वळ घाम. अर्धा लिटर पाणी प्यायलात की परत येतो. खरं वजन बघायचं तर सकाळी उठल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, आणि रोज नाही, आठवड्यातून एकदा.